धुकं देवाचं, मग नदी कोणाची?

डोनोरा हे गाव आपल्याकडे कोणाला माहीत असायचं कारण नाही, पण अमेरिकेतल्या पिट्सबर्गात दहा दहा वर्षं काढलेल्या मराठी मंडळींनाही ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. भारतातून आईवडील आले की आपण त्यांना पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात नेतो, तीन नद्यांचा संगम दाखवतो, इन्क्लाइनमध्ये, म्हणजे डोंगर चढणाऱ्या केबलच्या डब्यात बसवतो, फोटो काढतो आणि झालं. त्या संगमातली एक नदी मोनोंगाहेला, इथले लोक तिला नुसतं मॉन म्हणतात, आणि ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हणून वरच्या अंगाला जायचं म्हणजे दक्षिणेला जायचं. तिच्या काठाकाठाने गाडीने जेमतेम तासभर गेलं की डोनोरा येतं. मी तीनचारदा जाऊन आलेय आणि दरवेळी परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत राहते, ती आज जरा सविस्तर लिहिते.

१९४८ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात या गावावर धुकं बसलं आणि पाच दिवस हललं नाही. वीस माणसं गेली. डोनोरा आणि आसपासची वस्ती मिळून चौदा हजारांच्या आत, त्यातले जवळजवळ सहा हजार लोक आजारी पडले, म्हणजे १०० तले ४३. आणि ज्या कंपनीच्या जस्ताच्या भट्ट्यांचा धूर त्या धुक्यात कोंडला होता तिने सांगितलं की ही देवाची करणी. इंग्रजी कायद्यात ही जुनी सोय आहे, भूकंप, महापूर, वीज पडणं अशा गोष्टींसाठी, ज्यात माणसाचा हात नाही त्याची भरपाई माणसाकडे मागता येत नाही. कंपनीचं म्हणणं असं की भट्ट्या १९१५ पासून चालू आहेत, ३३ वर्षांत असं कधी झालं नाही, त्या आठवड्यात हवाच विचित्र होती, दरी अरुंद, डोंगर उंच, वारा पडलेला, त्याला आम्ही काय करणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या भूगोलावर तुम्ही पैसा कमावला तो भूगोल माणसं मेल्यावर परका होत नाही. नदी तुमची, सपाट जमीन तुमची, डोंगरातला कोळसा तुमचा आणि त्याच डोंगरांनी अडवलेली हवा मात्र देवाची, असं वाटप कोणीच मान्य करायला नको होतं, आणि तरी ते मान्य झालं, आणि आजही वेगवेगळ्या शब्दांत होत असतं.

आधी जागा नीट सांगते. मॉन तिथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. वळणाच्या आतल्या बाजूला गाळाची सपाट पट्टी, नदीला लागून, आणि पट्टी संपली की लगेच चढ. दोन्ही काठांना चारेकशे फुटांचे डोंगर. गावातले रस्ते इतके उभे आहेत की गाडी पार्क करून उतरताना दरवाजा हातातून निसटतो, घरं एकाच्या डोक्यावर एक अशी चढत गेलीयेत. या खोऱ्यात सपाट जागा मुळातच कमी, म्हणून जी होती तिला मोल. नदीतून कोळशाचे बार्ज चालतात, आजही चालतात, मी काठावर उभं राहून पाहिलेत, चपट्या लोखंडी पेट्या एकमेकींना बांधलेल्या आणि मागून एक टोबोट त्यांना ढकलत असते, आवाज फार नसतो, फक्त ती गेल्यावर बऱ्याच वेळाने लाट काठाला येऊन लागते. कोळसा लांबून आणायलाच नको, पिट्सबर्ग सीम नावाचा थर याच डोंगरांत आहे. काठाने रेल्वे. पाणी हवं तेवढं, भट्ट्या थंड करायला, माल धुवायला आणि नको ते सोडून द्यायला. १९०१ मध्ये विल्यम डॉनरने इथं कारखाना काढला तो हा सगळा हिशोब करून काढला. गावाचं नावसुद्धा त्या व्यवहारातून आलं, डॉनरचं 'डॉन' आणि बँकर अँड्र्यू मेलनच्या बायकोचं नाव नोरा, दोन्ही मिळून डोनोरा. पुढे सगळं यू. एस. स्टीलच्या अमेरिकन स्टील अँड वायर या कंपनीकडे आलं आणि १९१५ मध्ये तारेच्या कारखान्याशेजारी जस्ताचा कारखाना उभा राहिला, डोनोरा झिंक वर्क्स.

जस्त आपल्या घरातलंच आहे, गॅल्व्हनाइज्ड पत्रा, बादली, शेताच्या कुंपणाची तार. लोखंडी तारेला जस्ताचा मुलामा दिला की ती गंजत नाही, म्हणून तारेशेजारी जस्त, सोयीचं होतं. पण डोनोरात जस्त काढायची रीत जुनी होती. खनिजात जस्ताबरोबर गंधक असतं, ते आधी भाजून घालवायचं, मग उरलेली भुकटी कोळशात मिसळून मातीच्या आडव्या लांबट मुशींमध्ये ठासायची आणि मुशींच्या रांगाच्या रांगा भट्टीत तापवायच्या, आत जस्ताची वाफ होते आणि मुशीच्या तोंडाला लावलेल्या नळकांड्यात येऊन थंड होते, तिथून ते गोळा करायचं. हे काम इतकं उष्णतेचं की ते जमणारी माणसं शोधून आणावी लागत, स्पेनच्या अस्तुरियास भागातून जस्ताच्या भट्टीवर हात बसलेली कुटुंबं डोनोरात आली ती याच कामासाठी. गंधकाचा वायू काही प्रमाणात पकडून त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करायचे, राहिलेला वायू आणि त्याबरोबर जस्ताची, शिशाची, कॅडमियमची बारीक धूळ बाहेर. धुराडी डोंगरांपेक्षा कितीतरी बुटकी. आणि भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची कारण थंड झाली की मातीच्या मुशी तडकतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हवेचं. थंडीत आपल्याकडे डोंगराच्या कुशीतल्या गावात सकाळी लवकर बाहेर पडलं तर चुलींचा धूर सरळ वर जाताना दिसत नाही, कौलांच्या थोडा वर जातो आणि तिथंच आडवा पसरतो, सगळ्या गावावर पातळ चादर अंथरल्यासारखा, मग ऊन चढलं की तो उठतो. कारण एवढंच की रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि वरच्या थरात ऊबदार हवा झाकणासारखी बसते. मॉनच्या खोऱ्यात शरदात हे नेहमीचं, वर्षातून कितीतरी वेळा होतं, नऊदहा वाजता झाकण उघडतं. २६-२७ ऑक्टोबर १९४८ ला बसलेलं झाकण ३१ तारखेपर्यंत उघडलं नाही. हवा पाच दिवस हटली नाही हे देवाचं म्हणा हवं तर. झाकणाखाली पाच दिवस रोज नवा धूर सोडत राहणं हे मात्र पगार घेणाऱ्या मॅनेजरांचं काम होतं.

आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. नदीच्या पलीकडच्या काठाला वेब्स्टर नावाची छोटी वस्ती आहे. नदी तिथं जिल्ह्याची हद्द आहे, डोनोरा वॉशिंग्टन काउंटीत आणि वेब्स्टर वेस्टमोरलंड काउंटीत. म्हणजे कारखान्याचा टॅक्स अलीकडे आणि धूर पलीकडे. वेब्स्टरच्या डोंगरावरची झाडं गेली, गवत गेलं, गवत गेल्यावर माती वाहून गेली, बागा आणि शेतं गेली. कंपनीने भरपाईचे पहिले दावे १९१८ सालीच पैसे देऊन मिटवलेत, म्हणजे कारखाना चालू होऊन तीन वर्षं झाली होती फक्त. १९२० च्या दशकात पलीकडच्या शेतकऱ्यांनी पिकांसाठी आणि जनावरांसाठी कोर्टात धाव घेतली. १९२६ पासून १९३५ पर्यंत तिथल्या हवेचे नमुने नियमित घेतले जात होते आणि मग ते बंद झाले. तेव्हा ३३ वर्षांत काही झालं नाही हे वाक्य खरं करायचं तर आधी झाडं, जनावरं आणि वेब्स्टरची माणसं हिशोबातून काढावी लागतात.

त्या पाच दिवसांबद्दल थोडं सांगते, कारण नुसता वीसचा आकडा वाचून काही कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हॅलोविनची परेड ठरलेली होती, ती झाली, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना समोरून जाणारी मुलं सावल्यांसारखी दिसत होती. गावाला धुराची इतकी सवय की कोणी घाबरलं नाही. शनिवारी दुपारी हायस्कूलची फुटबॉल मॅच होती, शेजारच्या मोनोंगाहेला गावाशी, तीही झाली, बॉल वर उडाला की प्रेक्षकांना दिसेना. मॅच चालू असताना स्पीकरवरून एका खेळाडूचं नाव पुकारलं, ताबडतोब घरी ये म्हणून. तो पोचला तोवर वडील गेलेले होते. फायर ब्रिगेडची माणसं ऑक्सिजनची नळकांडी खांद्यावर घेऊन घराघरात फिरत होती, रस्ता दिसत नाही म्हणून भिंती आणि कुंपणं चाचपत, एका घरात चार श्वास द्यायचे आणि पुढच्या घरी जायचं, मागचा माणूस आणखी मागत असला तरी, कारण नळकांडी मोजकी आणि पुढे दहा घरं वाट बघतायत. शेजारच्या गावांतून ऑक्सिजन उसना आणला. कम्युनिटी सेंटरमध्ये मदतकेंद्र उघडलं आणि तळघरात प्रेतं ठेवायची सोय करावी लागली. डॉक्टर विल्यम रोंगॉस हे गावच्या आरोग्य मंडळावर होते, ते लोकांना सांगत होते जमेल त्याने गाव सोडा, आणि नंतर त्यांनी या प्रकाराला उघडपणे खून म्हटलं. गावच्याच डॉक्टरने, ज्याचे निम्मे पेशंट त्या कारखान्यावर जगत होते, हा शब्द वापरायला काय लागलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

भट्ट्या मात्र चालू. रविवारी ३१ तारखेला सकाळी सहाच्या सुमाराला झिंक वर्क्सने भट्ट्या मंद करायला घेतल्या, म्हणजे नवीन माल भरायचा नाही, फक्त मुशी तडकू नयेत एवढी ऊब ठेवायची. त्याच दिवशी पाऊस आला आणि धुकं फाटलं. सोमवारी भट्ट्या पुन्हा पूर्ववत. आता मघाची गोष्ट आठवा. भट्टी थांबवता येत नाही हे कारण होतं ना? पण ती मंद करता येत होती, रविवारी ती मंद केलीच की, मुशी काही सगळ्या फुटल्या नाहीत. मग गुरुवारी का नाही, शुक्रवारी का नाही? शनिवारी रात्रीपर्यंत बहुतेक माणसं जाऊन चुकली होती. देवाची करणी हा शब्द ज्यांना वापरायचा आहे त्यांनी आधी या तीन दिवसांचं उत्तर द्यावं. तीन दिवसांचा माल बुडाला असता, तेवढीच किंमत होती.

कोणाला ठाऊकच नव्हतं, असंही म्हणता येत नाही. बेल्जियममध्ये मूझ नदीच्या खोऱ्यात १९३० च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेच घडलं होतं, तसंच अरुंद खोरं, तसेच पोलादाचे आणि जस्ताचे कारखाने, तशीच पडलेली हवा, साठेक माणसं गेली. त्याची चौकशी झाली, डॉक्टरी निष्कर्ष छापले गेले. आणि त्याहून महत्त्वाचं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, ते म्हणजे कॅनडातलं ट्रेल. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात ट्रेल गावी शिसं-जस्ताचा मोठा कारखाना, त्याचा धूर खोऱ्यातून खाली उतरून सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर पडायचा. शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेलं, लवाद बसला आणि १९४१ मध्ये त्याने अंतिम निकाल दिला. त्यात नुकसानभरपाई होतीच, पण पुढे असंही लिहून दिलं की कारखान्याने हवामान बघून धूर सोडायचा, वारा कसा आहे, हवा हलतेय की पडलीय, दिवस आहे की रात्र, पिकांचा हंगाम आहे का, त्याप्रमाणे भट्टी कमीजास्त करायची. १९४१! डोनोराच्या सात वर्षं आधी. नदीच्या खोऱ्यातला जस्ताचा कारखाना हवामानाप्रमाणे चालवता येतो, चालवलाच पाहिजे, हे अमेरिकेनेच भांडून मिळवलेलं होतं, कारण तिथं धूर परदेशातून येत होता आणि नुकसान अमेरिकन शेतकऱ्याचं होतं. मोनोंगाहेलाच्या काठावर धूर सोडणारा आणि धूर खाणारा दोघं एकाच देशातले निघाले आणि तो शहाणपणा तिथं कोणी आणला नाही.

पिट्सबर्ग शहरानेसुद्धा धुरावरचा कायदा १९४१ मध्येच केला होता आणि युद्ध संपल्यावर तो लागू करायला घेतला होता. पण डोनोरा शहरात नाही, त्या काउंटीतही नाही. कायदा नदीच्या खालच्या टोकाला होता आणि भट्टी वरच्या.

चौकशी झाली तीही सरळ झाली नाही. पोलाद कामगारांच्या युनियनने चौकशीसाठी स्वतःचे दहा हजार डॉलर काढून दिले हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण कामगारांना पोटापुढे हवेचं काही पडलेलं नव्हतं असं म्हणायची पद्धत आहे. केंद्र सरकारच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसने घरोघरी जाऊन माहिती घेतली, देशात असं काम त्याआधी झालंच नव्हतं, आणि १९४९ मध्ये रिपोर्ट दिला. त्यात कोणत्याही एका वायूला किंवा एका कारखान्याला दोषी धरलं नाही, निरनिराळी प्रदूषकं आणि पडलेली हवा यांचा एकत्र परिणाम असं म्हटलं. विज्ञान म्हणून ते वाक्य चूक नसेलही. पण कोर्टात त्याचा अर्थ काय झाला बघा, अनेक कारणं म्हणजे कोणीच जबाबदार नाही. १९५१ मध्ये कंपनीने सेटलमेंट केली, जबाबदारी न स्वीकारता, साधारण २ लाख ३५ हजार डॉलर, ८० जणांत वाटून. म्हणजे माणशी तीन हजारही नाहीत आणि त्यातून वकिलांची फी जायची. आणि वीस हा आकडाही फक्त त्या दिवसांचा. बेसबॉलमधला मोठा खेळाडू स्टॅन म्युझियल इथलाच, त्याचे वडील डोनोराच्या कारखान्यात राबलेले, धुक्यात आजारी पडले आणि डिसेंबर १९४८ मध्ये वारले, ते त्या वीसात नाहीत. दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा असं दिसलं की १९४८ च्या त्या दिवसांत जे आजारी पडले होते त्यांच्यात नंतरचे मृत्यू आणि आजार इतरांपेक्षा जास्त आहेत.

आता एक गोष्ट जी मॉनच्या खोऱ्यात अजूनही ऐकू येते आणि जिचा मला खरा राग आहे, ती म्हणजे तक्रारी करणाऱ्यांनी गाव मारलं. झिंक वर्क्स १९५७ मध्ये बंद झालं, पोलादाचं कामही १९६० च्या दशकात आटोपलं, लोक गेले. १९५० ला गावात बारा हजारांवर लोक होते, २०२० च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास. मेन स्ट्रीटसारखा मॅककीन अ‍ॅव्हेन्यू आहे, त्यावर दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले. दुःख खरं आहे आणि ज्यांच्या घरातल्या तीन पिढ्या त्या भट्टीवर जगल्या त्यांना मी शहाणपण शिकवायला जाणार नाही. पण कारण चुकीचं आहे. मातीच्या मुशींची रीत तेव्हाच मागे पडत होती, विजेने जस्त काढायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळातच मोठ्या कारखान्यांत आली होती, आणि डोनोराचा कारखाना १९१५ साली जुन्या रीतीने बांधला आणि त्याच रीतीने शेवटपर्यंत चालवला. शिवाय याच नदीवर खाली ड्यूकेनचं पोलाद १९८४ ला बंद झालं, होमस्टेडचं १९८६ ला, तिथं १९४८ घडलं नव्हतं, तिथं कोणी गवतासाठी भांडलं नव्हतं, तरी बंद झालंच. सगळ्या खोऱ्यातल्या भट्ट्या विझल्या त्याचं खापर वेब्स्टरच्या बायाबापड्यांच्या डोक्यावर कसं फोडता?

गवतासाठी हे मी शब्दशः म्हणतेय. धुक्यानंतर वेब्स्टरच्या लोकांनी एक संघटना काढली, सोसायटी फॉर बेटर लिव्हिंग, आणि त्यांची मागणी होती स्वच्छ हवा आणि हिरवं गवत. एवढंच. कारखाना पाडा असं कोणी म्हणालं नव्हतं. अंगणात गवत उगवावं एवढी हवा द्या.

डोनोरात आता स्मॉग म्युझियम आहे, छोटंसं, स्थानिक लोकांनी चालवलेलं, बाहेर पाटी आहे 'क्लीन एअर स्टार्टेड हिअर', स्वच्छ हवेची सुरुवात इथं झाली. खरं आहे ते. १९५५ चा केंद्राचा पहिला कायदा, १९६३ चा, आणि मग १९७० चा मोठा क्लीन एअर अ‍ॅक्ट, या सगळ्याच्या मागे डोनोराचं नाव आहे, आज अमेरिकेत आपण ज्या हवेत मुलांना खेळायला सोडतो त्यात या गावाचं देणं आहे, आणि त्या म्युझियमच्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण गाव कित्येक दशकं याबद्दल बोलतच नव्हतं आणि त्यांनी बोलायला लावलं. पण ती पाटी वाचून देशाने समाधान मानू नये. कायदा झाला तेव्हाही कंपन्यांनी पहिला उपाय काय शोधला तर धुराडी उंच करायची, हजार हजार फूट, म्हणजे आपल्या खोऱ्यातला धूर डोंगरापलीकडच्या माणसांवर, जंगलांवर, तळ्यांवर पडू दे. भूगोलाशी तोच जुना व्यवहार.

आणि हे संपलेलं नाहीये. डोनोराहून पिट्सबर्गकडे परत येताना नदीकाठी क्लेअरटन लागतं, तिथला यू. एस. स्टीलचा कोक प्लँट, म्हणजे पोलादासाठी दगडी कोळसा भाजून कोक करायचा कारखाना, अमेरिकेतला सगळ्यात मोठा, आजही चालू, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं स्फोट होऊन दोन कामगार गेले. शरदातल्या शांत सकाळी तिथून जाताना गाडीच्या काचा बंद असल्या तरी सडक्या अंड्यांचा वास येतो. तीच नदी, तेच डोंगर, तेच झाकण. आमच्यातले बरेच जण फोनवर हवेचा आकडा बघून मुलांना बाहेर सोडायचं की नाही ठरवतात, पिट्सबर्गात आता ही सवयच झालीये.

यात एक चांगली गोष्ट घडली ती २०२१ मध्ये. पिट्सबर्ग ज्या काउंटीत येतं त्या अ‍ॅलेगेनी काउंटीच्या आरोग्य खात्याने मॉन व्हॅलीसाठी नियम केला की हवा कोंडणार असा अंदाज आला की त्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी आधीपासून लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे धूर कमी करायचा, आणि आकडा वाढला की आणखी कमी. म्हणजे ट्रेलच्या लवादाने १९४१ मध्ये सांगितलं तेच, ८० वर्षांनी. त्या नियमात कमतरता असतील, अंमलबजावणीवर वाद असतील, पण त्याचा पायाच मला महत्त्वाचा वाटतो, त्यात हवामान ही सबब राहिली नाही, ती कारखान्याच्या कामाची अट झाली. पाऊस येणार म्हटल्यावर शेतकरी कापलेला माल झाकतो तसं हवा कोंडणार म्हटल्यावर भट्टी मंद करायची, आणि त्यात बुडणारा पैसा हा धंद्याचा खर्च. ज्याला खोऱ्यात कारखाना हवा त्याने हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा, परवान्यातच लिहून द्यावा, अपघातानंतर वकिलांनी शोधायची गोष्ट नाही ती.

फक्त हा नियम एका काउंटीचा आहे, तिच्या हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की नदी तीच राहते आणि नियम संपतो. डोनोरा त्या हद्दीच्या बाहेर आहे, वेब्स्टरही बाहेर आहे. मागच्या वेळी गेले तेव्हा मी अलीकडच्या काठावर, जिथं पूर्वी वेब्स्टरला जाणारा पूल होता तिथं उभी राहिले, १९०८ चा पूल, २००९ ला बंद केला आणि २०१५ ला पाडला, समोर डोंगर पूर्ण हिरवा दिसत होता, पाण्यापर्यंत झाडी. अंतर एवढंसं की पलीकडे कोणी हाक मारली तर ऐकू यावी. आणि तरी ते वेगळ्या काउंटीत, वेगळ्या ऑफिसात, वेगळ्या फाइलीत.